तळ न दिसलेला डबा

खानावळवाल्या गोदाक्कांनी पुढ्यात ठेवलेल्या चहापत्तीच्या डब्याकडे शार्दूल एकटक पाहत होता. डब्याच्या बुडाशी चिकटलेली चकती हिरवी लुकलुकत होती.

ती चकती अवघ्या नऊ रुपयांत घरोघर पोचवण्याची कल्पना त्याचीच. डबा रिता होत आला की चकती आपणहून माल मागवी, आणि घराची निकड जितकी मोठी, तितका भाव चढवी. त्याच्या कंपनीची सारी कमाई त्या चढावात होती. बार्शीतल्या या खानावळीत मात्र तीन वर्षांत भाव चढलाच नव्हता, आणि आता शेजारच्या चाळीस घरांतही चढेनासा झाला होता. कारण सापडलं नाही, तर शार्दूलची नोकरी जाणार होती.

"आक्का, चकतीला केलंत तरी काय?"

"तिला हात कोण लावतंय? अर्धा डबा उतरला की मीच मागवते. तळ दिसू द्यायचा नाही, ही सासूबाईंची शिस्त. गल्लीतल्या पोरींनाही तीच लावली."

शार्दूल थक्क झाला. शंभर गणितज्ञांनी विणलेल्या जाळ्यात सापडायला जी घाई लागते, तीच या बाईपाशी नव्हती. तिच्यापुढे वाकावं, असं त्याला मनापासून वाटलं.

"साहेब, तुमची आई गावी एकटीच असते म्हणालात," गोदाक्कांनी विचारलं, "तिच्याही डब्याला हीच चकती असेल. तिला काय भावानं पडतो हो चहा?"

शार्दूलनं अहवालाची वही कोरीच मिटली, चपला पायांत सरकवल्या आणि तो उन्हात चालू लागला.