संपादकांचा जावई

नकार आला तेव्हा सुलग्ना कटकच्या रिंग रोडवर दहीबऱ्याच्या, म्हणजे तिकडच्या दहीवड्याच्या, गाडीपाशी उभी होती. एका ओळीचा मेल. आपली कथा दुर्गापूजेच्या विशेष पूजा अंकासाठी स्वीकारता येत नाही. का नाही, ते लिहिलेलं नव्हतं. कारण लिहायला या संपादकांच्या एवढं काय जिवावर येतं, देव जाणे. तिने हातातला द्रोण तसाच खाली ठेवला. वडिलांनी बँकेच्या परीक्षेचा क्लास कधीचा शोधून ठेवला होता, आता हो म्हणायचं तेवढं बाकी होतं.

तिने फोनवरच्या गटावर लिहिलं, "कथा पुन्हा परत आली. बास झालं. मी लिहिणं सोडतेय आणि हा गटही."

गट म्हणजे ओडिशाभर विखुरलेली सात-आठ लिहिती पोरं. प्रत्यक्षात कुणी कुणाला पाहिलेलं नव्हतं. कथा परत आली की इथे जाहीर करायचं आणि बाकीच्यांनी लग्न ठरल्यासारखं अभिनंदन करायचं, ही इथली रीत. ज्याचे नकार सगळ्यांत जास्त, तो संपादकांचा जावई. हा मान कायम बरगडच्या बिभूदत्तकडे. तो मेव्हण्याच्या औषधांच्या दुकानात बसायचा आणि गिऱ्हाईक नसलं की सुलग्नाला छळायचा.

त्याचं उत्तर लगेच आलं. "एका नकाराचा एवढा थाट? मला त्याच संपादकांचे आज दोन आले. लिहितात, आपल्या कथेत म्हैस सोडली तर एकही पात्र जिवंत वाटत नाही. यापुढे कृपया म्हशीलाच लिहू द्यावे."

"बिभू, मला आज थट्टा नकोय."

"तुम्हा कटकवाल्यांचं हे असंच. दही जरा आंबट लागलं की बसले रडत. तू गेलीस तर माझं अपयश बघून हसणार कोण?"

सुलग्नाला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून आणखी राग आला. दर वेळी हेच. ती सोडून जायला निघायची आणि नेमका त्याच दिवशी या माणसाला तिच्याहून वाईट नकार आलेला असायचा. याच्यापेक्षा तर आपलं बरं, असं म्हणून ती पुन्हा लिहायला बसायची. धड सांत्वन म्हणून एक शब्द कधी त्याच्या तोंडून निघाला नव्हता. या वेळीही ती चरफडत बसली आणि तीन दिवसांत नवी कथा लिहून त्याच मासिकाला पाठवली.

पंधरवड्याने संपादकांचा फोन आला. कथा पूजा अंकात घेतली होती. सुलग्नाने दोनदा आभार मानले. मग बिभूची आठवण झाली आणि तिचा जीव थोडा थोडा झाला.

"सर, बरगडचा बिभूदत्त साहू. तुम्ही सारखं परत पाठवता त्याला. एकदा नीट वाचाल का? ती म्हशीची कथा तरी?"

"अगं पोरी, म्हशीची कथा आली असती तर माझ्या लक्षात राहिली असती. या नावाच्या माणसाने आमच्याकडे कधी काही पाठवलेलंच नाही."

तिने बिभूला फोन लावला. त्याचा आवाज ती पहिल्यांदाच ऐकत होती.

"तू एकही कथा पाठवली नाहीस?"

"दुकानात गिऱ्हाईक आहे. मग बोलू."

"गिऱ्हाईक गेलं खड्ड्यात! ते सगळे नकार कुठून आले?"

"मीच लिहायचो. तू निघून चालली होतीस ना."

"आणि तुझ्या कथा?"

"आहेत की. कपाटात."

"मग पाठवत का नाहीस?"

"परत आल्या तर?" तो म्हणाला. आवाजात थट्टेचा लवलेश नव्हता.

सुलग्ना भडकली. आपल्यासाठी त्याने हे केलं, हे तिला कळत होतं, तरीही भडकली. "आम्ही इथे दर महिन्याला तोंडावर आपटतोय, आणि तू न लढताच जखमा दाखवत फिरतोस! आजच्या आज एक कथा पाठव. नाहीतर मी माझी अंकातून परत घेते." ती खरंच घेणार होती. त्याने ओळखलं आणि कथा पाठवली.

पुढच्या आठवड्यात गटावर त्याच्या नावाने दोनच शब्द उमटले. "परत आली." म्हैस नाही, जावई नाही. बाकीच्यांनी ढोल-ताशे वाजवले, वरातीला कधी येऊ विचारलं. तो गप्प. दुसऱ्या दिवशीही गप्प. फोन उचलेना. कथा कपाटात ठेवून सुखाने बसलेल्या माणसाला सुलग्नानेच ओढून बाहेर काढलं होतं.

तिसऱ्या दिवशी तिने जन्मातला पहिला खोटा नकार लिहिला आणि फक्त त्याला पाठवला.

"मलाही संपादकांचं पत्र आलंय. लिहितात, आपली कथा चुकून घेतली, ती काढून टाकत आहोत. तरी आपण लिहीत राहावे. आपण दोन दिवस काही लिहिले नाही तर आमचा घास घशाखाली उतरत नाही. आम्हाला चिडवणारे दुसरे कोणी नाही."

त्याने वाचलेलं दिसलं. तो काहीतरी लिहू लागला, थांबला, पुन्हा लिहू लागला. ती फोनकडे बघत बसून राहिली. शेवटी उत्तर आलं.

"साफ खोटा. इतक्या मायेनं कुठला संपादक लिहितो? थांब, आज दुसरी कथा पाठवतोय. खरा नकार कसा असतो, ते तुला दाखवतो."