यंत्रातला बिघाड

चौकातलं हवेचं प्रदूषण मोजायचं यंत्र सांभाळणं, ही माझी नोकरी. लॉकडाऊनच्या दुसऱ्या आठवड्यात त्याचा आकडा तीनशेवरून थेट चाळिसावर आला आणि साहेबांचा फोन आला.

"यंत्र बिघडलंय. ताबडतोब दुरुस्त करा."

"साहेब, यंत्र ठणठणीत आहे. रस्त्यावर गाड्याच नाहीत, म्हणून हवा स्वच्छ झालीय."

"मला शिकवू नका! बारा वर्षांत या चौकात असा आकडा कधी आलेला नाही."

मग काय, पोलिसांना पास दाखवत, त्यांची बोलणी खात चौकात तीन हेलपाटे घातले. फिल्टर बदलला, वायरी तपासल्या. आकडा आपला चाळीसच. साहेबांनी हलगर्जीपणाची नोटीस धाडली. असं डोकं फिरलं म्हणून सांगू! घरी दम्याचा त्रास असलेली माझी लेक औषधाच्या पंपाशिवाय गच्चीत दोरीच्या उड्या मारत होती. मग तिच्यातही बिघाडच झाला होता की काय?

लॉकडाऊन उठला, गाड्या धावायला लागल्या आणि आठवड्याभरात आकडा पुन्हा तीनशेवर जाऊन बसला. लगेच साहेबांचा फोन.

"शाब्बास! केलंत ना शेवटी दुरुस्त? उगाच तेव्हा वाद घालत होतात. जाऊ द्या, नोटीस मागे घेतो."

मी फोन ठेवला.



आतल्या खोलीत लेक धापा टाकत एकेक खण उघडत होती. "बाबा, माझा पंप कुठे ठेवलाय?"