नाथाजी मिस्त्रीची घोडी

"पावणं, ह्ये कुणाला खरं वाटायचं न्हाई," नाथाजी मिस्त्री म्हणाला आणि त्यानं चहा बशीत ओतला. "पर ज्येची गाडी, त्योच समूर बसलाय. इचारा त्येला."

समोर खाटेवर रविराज बसला होता. त्याचा डावा पाय मांडीपर्यंतच होता. त्याखालची पायजम्याची नळी दुमडून पिनेनं अडकवली होती. त्यानं मान हलवली आणि गोड हसला.

पाहुणे म्हणजे तासगावचे हंबीरराव, बेदाण्याचे व्यापारी. त्यांच्या लेकानं नवी गाडी घेतली होती आणि तिच्या कॉम्प्युटरची ताकद नाथाजीकडून वाढवून हवी होती. नव्याण्णव साली विट्यात कॉम्प्युटरवर चालणाऱ्या गाड्या बोटावर मोजण्याएवढ्या, आणि त्या कॉम्प्युटरला हात लावलेला माणूस एकच. हंबीररावांनी हो म्हटलं की तासगाव हातात आलं, हे नाथाजीला पक्कं ठाऊक होतं. त्यानं 'कॉम्प्युटर स्पेशालिस्ट' अशी पाटीसुद्धा रंगवून ठेवली होती.

नाथाजीला घरी यायचा निरोप रविराजनंच धाडला होता. तसा तो दर रविवारी धाडायचा. कोण ना कोण भेटायला आलेलं असायचं, आणि रविराज म्हणायचा, मिस्त्री, सांगा की. दहा महिन्यांत एक रविवार चुकला नव्हता. पोराचा आपल्यावर लय जीव, असं नाथाजी गावभर सांगायचा.

फरक एवढाच, की एरवी गोष्ट सुरू झाली की रविराजचे वडील भाऊसो उठून रानात जायचे. आजचे पाहुणे, हंबीरराव, व्याह्यांच्या नात्यातले होते. उठून जाणं बरं दिसलं नसतं. ते उंबऱ्याशी, पाठ करून बसून राहिले.

नाथाजी रंगात आला. गाडीचा मेंदू म्हणजे पत्र्याची एक पेटी. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कवा टाकायची, सगळं ती ठरवते. "कंपनी गाडीत शंभर घोडी भरती आन् चाळीस बांधून ठिवती," तो म्हणाला. "म्या फकस्त दावी सोडतो." रविराजच्या गाडीची पेटी तीन दिवस त्याच्या टेबलावर होती. एवढं मात्र अगदी खरं होतं.

मग पेटी परत बसवली आणि गाडीनं विटं सोडलं. मायणीत वाजवलेला हॉर्न मायणीकरांना ऐकू आला, तेव्हा गाडी वडूजात होती. मैलाचे दगड कंगव्याच्या दातांसारखे दिसायला लागले. पुसेगावात एक कोंबडी आडवी आली. ती वाचली, पण पिसं तेवढी गेली, आणि सोलून तयार आहे म्हटल्यावर मालकानं दुपारीच कापली. मागच्या रविवारी गोष्टीत कोंबडी नव्हती.

हंबीरराव खो खो हसले. हसता हसता त्यांची नजर दुमडलेल्या नळीवर गेली आणि ते ओशाळले. मग हे कसं झालं, त्यांनी विचारलं.

त्याचंही उत्तर तयार होतं. वर्धनगडाच्या घाटात, चढाला, पुढं उसाचा ट्रॅक्टर, त्याच्या मागं दोन ट्रॉल्या. रविराज ओलांडायला गेला. समोरून ट्रक आला. गाडीनं उडी मारली ती विजेसारखी, पण आवरली नाही.

"वाघ दिला हुता हातात," नाथाजी हळहळत म्हणाला. "हातच शेळीचं निघालं, त्येला कोण काय करणार?"

कप गोळा करणाऱ्या राहीबाईचा, रविराजच्या आईचा, हात थांबला. हेच वाक्य नाथाजी पहिल्यांदा दवाखान्यात बोलला होता, पाय कापला त्याच्या दुसऱ्या दिवशी. भाऊसोंनी ते ऐकलं आणि तेव्हापासून ते लेकाशी बोलले नव्हते. ताट पुढं सरकवायचे तेही बायकोच्या हातानं.

रविराज अजून हसतच होता. "मिस्त्री, पेटी उघडली तवा आत काय दिसलं, त्ये ऱ्हायलं की. पावण्यास्नी सांगा."

नाथाजीनं डोळे मिटले. आत हिरवंगार शिवार, त्यात चांदीच्या पायवाटा, आणि मधोमध काळ्या गोमेसारखी एक चिप, अठ्ठावीस पायांची. ती उपटून त्यानं नवी लावली. कथिलाचा वास अजून नाकात आहे, तो म्हणाला. इतक्या वेळा सांगून त्याला तो खरोखरच यायला लागला होता.

रविराजनं उशीखाली हात घातला. गाडी भंगारात गेली, त्याआधी त्यानं तिच्यातली एकच वस्तू मागून घेतली होती. कापडात गुंडाळलेली ती पत्र्याची पेटी त्यानं हंबीररावांकडे दिली नाही. आईच्या हाती दिली आणि उंबऱ्याकडे बोट केलं.

भाऊसोंनी कोइमतूरला तीस वर्षं गलाईचं दुकान चालवलं होतं. लोकांचं जुनं सोनं आटवायचं, तर आधी सांध्याचा डाग बघायचा, छाप बघायचा, सील बघायचं. त्यांनी चष्मा लावला. पेटी उजेडात धरून चारी बाजूंनी फिरवली. झाकणाच्या सांध्यावर कंपनीची कागदी पट्टी होती, चारही स्क्रूंच्या डोक्यावर पिवळ्या लाखेचे ठिपके होते. एका ठिपक्यावर त्यांनी नख घासून पाहिलं. नाथाजीच्या हातातली बशी वाकडी झाली आणि चहा त्याच्या धोतरावर सांडत राहिला.

"मिस्त्री," भाऊसो म्हणाले, "ही पेटी कंपनीतनं आल्यापास्नं कुणी उघडलेलीच न्हाई."

रविराजचं हसू आता गेलं होतं.

"घाटात, त्या ट्रॉलीच्या बगलंला, म्या तुमची घोडी हाकारली, मिस्त्री," तो म्हणाला. "एक बी घोडं आलं न्हाई."