रुआनची आया

रुआन उठला नाही. अंगावर पडलेले तिघे बाजूला झाले, तरी तो तसाच पालथा पडून राहिला. केवळाबाईंनी शेंगांची परात खाली ठेवली आणि मॅच नीट दिसावी म्हणून त्या लेकीच्या मोबाइलवर वाकल्या.

“उठंल की, माय,” पुनम म्हणाली. “मागं खांदा मोडला, तवाबी उठला होता.”

या वेळी त्याला उचलूनच नेलं.

निलंग्यात कुणाला रग्बी ठाऊक असायचं कारण नाही. केवळाबाई शेजारणींना कबड्डीच्या भाषेत समजावायच्या: पकडायचं, पाडायचं, फक्त हातात चेंडू असतो. दक्षिण आफ्रिकेतला हा गोरा पोरगा अठराव्या वर्षी खेळावर पोट भरायला इंग्लंडात गेला. पहिलं वर्ष नुसता बाकावर बसला. खांदा मोडल्यावर मोठ्या क्लबाने काढून टाकला, मग एका लहानशा क्लबात लागला. सगळं बाईंना तोंडपाठ. दर शनिवारी पुनम लातूरहून क्लासमधली नोकरी आटोपून यायची आणि मायलेकी मॅच लावून बसायच्या. “तुमचा गोरा लेक जिंकला का?” शेजारणी चिडवायच्या. बाई नुसत्या हसायच्या.

ओळख जुनी होती. पुनम सात वर्षांची असताना केवळाबाई वर्षभर मुंबईत होत्या, रुआनच्या आईबापाकडे आया म्हणून, असं पुनम लहानपणापासून ऐकत आली होती. त्या एका वर्षावर स्लॅबचं घर झालं, पुनम शिकली. नवऱ्याने, शेषेरावांनी, मात्र मरेपर्यंत मुंबईचं नाव काढू दिलं नाही. ट्रंकेत एकच फोटो होता: गोऱ्या बाईच्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं बाळ, फोटोच्या पाठीवर लिहिलेलं त्याचं नाव. केवळाबाई त्यात नव्हत्या.

रविवारी सकाळी क्लबाच्या पानावर बातमी आली. मान मोडली होती. शुद्ध नव्हती. उद्या श्वास चालू ठेवणाऱ्या नळ्या काढणार होते. त्याच्या आईने लिहिलं होतं, ज्यांनी ज्यांनी याला जीव लावला, त्यांनी दोन शब्द बोलून पाठवावेत. आम्ही त्याच्या कानाशी लावू.

केवळाबाई ऊर फुटेस्तोवर रडल्या. “देवा, हे बघायला ठिवलंस का रे मला?”

पुनमने त्यांना पाणी दिलं, मग मोबाइल पुढे धरला. “बोल माय. पुन्हा बोलायला मिळायचं न्हाई.”

“त्याला मराठी कळंल का?”

“न्हाई कळायचं.”

“न कळू दे. माझा आवाज त्यानं लई ऐकलाय.”

तीनदा पुनमने बटण दाबलं, तीनदा बंद केलं. चौथ्यांदा बाई बोलल्या.

“बाळा, तू लई लाथा मारायचास. डाव्या कुशीवर झोपलं की गप व्हायचास. गणपतीचे ढोल वाजले की उसळायचास. लई द्वाड होतास.”

“अन् अंगाई कोणती म्हणायचीस?” पुनमने हळूच विचारलं.

“मनातल्या मनात म्हणायचे.”

“मनात? बरं, पहिल्यांदा कडेवर घेतलंस तवा कसा दिसत होता, ते सांग.”

मोबाइल चालूच होता. केवळाबाईंचा हात निऱ्यांखालच्या जुन्या टाक्यांवर जाऊन थांबला. परक्याचं ते बाळ नऊ महिने त्यांनी पोटात वाढवलं होतं. जन्मल्यावर ते एकदाही कुणी त्यांच्या हातात दिलं नव्हतं.