प्रत्येक पानाची पहिली ओळ

“आत काय लिहिलंय ते मला ठाव हाय. मीच लिहिलंय. दुसऱ्या कुणाला ते वाचता येतंय का, तेवढंच सांगा,” अमृतप्पा म्हणाले आणि त्यांनी वही टेबलावर ठेवली.

पंचशीला नौबादच्या एका कॉलेजात सांकेतिक लिपी शिकवायची. मजकुराला कुलूप कसं घालायचं आणि ते कुलूप किती पक्कं आहे हे कसं तपासायचं, हा तिचा विषय. मुडबीहून दोन बस बदलून कुणी वही घेऊन येण्याची ही पहिलीच वेळ होती. तिनं पानं उलटली. सुरुवातीची चाळीसेक पानं नुसती आकड्यांनी भरलेली होती.

“हे कुठं शिकलाव, अप्पा?”

“पोलीस वायरलेसला होतो. तीस वर्षं असलेच आकडे पाठविले.”

“आणि लपवायचं कुणापासून होतं?”

“बायकोपासून.”

पंचशीला हसली. “काय भानगड होती?”

“भानगड न्हाई, बाई. ती गेली. पाच महिने झाले.”

पंचशीलाचं हसू तिथंच थांबलं. मग अमृतप्पांनी सरळ सांगून टाकलं. बायकोच्या, दानम्माच्या पोटातली गाठ वाईट निघाली. डॉक्टरांनी त्यांना एकट्याला आत बोलावलं. म्हणाले, फार तर सहा महिने. बाईंना कळू देऊ नका, हाय खातील. पण रोजचं दुखणं, जेवण, गोळ्या, सगळं लिहून ठेवा. अमृतप्पांनी घरी सांगितलं, पोटाला सूज आहे, पथ्यानं उतरेल. आणि वही आकड्यांत लिहिली. दानम्मा चौथीपर्यंत शिकलेली होती आणि घरातला प्रत्येक कागद वाचल्याशिवाय रद्दीत टाकत नव्हती.

“ती इचारायची, काय लिहायलाव रोज? मी म्हणायचो, जुना सराव मोडू नये म्हणून. तर म्हणायची, म्हातारपणी परीक्षा हाय का तुमची?”

“मग आता हे कामून तपासायचं?”

अमृतप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “ती गेल्यावर शिवगणाराधनेच्या जेवणाला पोरगी म्हणाली, आईनं साड्या आधीच वाटून ठेवल्या होत्या, कुणाला कोणची ते ठरवून. तवापासून डोक्यात तेच, तिला कळलं होतं का. ती बिनघोर गेली, एवढं एकच काम माझ्या हातून नीट झालं असं धरून हाय मी. ही वही वाचता येत नसंल तर मी दोन घास सुखानं खाईन. येत असंल तर…”

त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

“शनिवारी या,” पंचशीला म्हणाली.

शनिवारी तिनं आधी चहा मागवला.

“कुलूप बरं होतं, अप्पा. अक्षरांना बाराखडीच्या क्रमानं आकडे दिलाव. त्यांत तुमच्या एका गुप्त संख्येतले नऊ आकडे ओळीनं मिळवलाव, पुन्हा पुन्हा. बरोबर?”

“व्हय. पण ती संख्या मी कागदावर कधी उतरविली न्हाई.”

“चाळीस वेळा उतरविलाव. प्रत्येक पानाची पहिली ओळ एकच आहे, आकड्याला आकडा.” तिनं वही त्यांच्याकडं फिरवली. “मी म्हटलं, आमच्या घरची वही असती तर वर ‘नमो बुद्धाय’ असतं. मुडबीचे अमृतप्पा काय लिहितील?”

अमृतप्पांचा कप हातातच राहिला. “श्री गुरु बसवलिंगाय नमः.”

“ह्याला काय संगणक लागतोय का? तेवढी ओळ वजा केली. नऊ आकडे निघाले आणि दहाव्या जागी पुन्हा पहिलाच आला. तीस वर्षं नोकरी केलाव, एवढं कसं इसरलाव?”

“देवाचं नाव गाळून कसं लिहावं, बाई? तिच्या दुखण्याची वही हाय ती.”

पंचशीलानं वही मिटली.

“किती येळ लागला?” त्यांनी विचारलं.

“अर्धा तास.”

“आन् चौथी शिकलेल्या बाईला?”

“वजाबाकी येत असंल तर चार-पाच दुपारी.”

अमृतप्पांनी कप खाली ठेवला. वही ओढून घेतली आणि उठू लागले.

“बसा, अप्पा. अजून एक सांगायचं राहिलंय. कोरी पानं संपल्यावर, अगदी शेवटी एक पान आहे. त्याच्यावर ती पहिली ओळ न्हाई. आणि आकडे कानडी आहेत.”

अमृतप्पा खाली बसले. दानम्माची शाळा कानडी होती.

“संख्या मात्र तुमचीच वापरली आहे. मी दोनच शब्द काढले आणि थांबले. पुढचं मी वाचायचं न्हाई.”

“कोणचे शब्द?”

“‘अहो, ऐका.’”

तिनं पेन्सिल आणि कोरा कागद पुढं सरकवला आणि आपण उत्तरपत्रिका तपासायला घेतल्या. अमृतप्पांनी चष्मा पुसला. एकेक आकडा वजा करत, एकेक अक्षर मांडत ते खाली उतरत गेले. वीस-पंचवीस मिनिटं पेन्सिलीचाच आवाज होता. मग तो थांबला आणि त्यांनी पहिल्यापासून वाचलं.

“अहो, ऐका. डॉक्टरांकडं मी तुमच्या आधी आठ दिवस एकटीच जाऊन आलते. त्यांनी मला सगळं सांगितलं. ह्यांना सांगा, पण मला कळू देऊ नका म्हणून बजावा, आन् रोज कायतरी लिहायला लावा, असं मीच त्यांच्या पाया पडून कबूल करून घेतलं. माझ्यापासून लपवायचं काम तुम्हाला नसतं, तर एकेक दिवस तुम्ही कसा काढला असताव?”