आईच्या गुडघ्यांसाठी

"एकच शहर. दिवसाला एकच ठिकाण," मुलगा म्हणाला. "तेही दुपारच्या आत. मग खोलीवर आराम."

प्रवास कंपनीच्या बाईंनी पेन खाली ठेवलं. लोक त्यांच्याकडे येऊन आठ दिवसांत सात शहरं मागायचे. हा गृहस्थ आठ दिवसांत एकच मागत होता, आणि त्यातलंही निम्मं सोडायला तयार होता.

"परदेशात जाऊन खोलीत बसणार?"

"आईचे गुडघे," तो म्हणाला. शेजारी बसलेल्या आईकडे त्याने बघायचं टाळलं.

गुडघे हे निव्वळ निमित्त होतं. दुखणं त्याचं होतं, पोटातलं, आणि हाताबाहेर गेलेलं. वय त्रेचाळीस. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. वर्ष काही निघणार नाही म्हणाले. औषधांचा हा फेरा दोन महिन्यांनी संपेल, मग कुठे जायचं तर जाऊन या, पण सावकाश. आईला त्याने यातलं अक्षरही कळू दिलं नव्हतं. घरात दोघंच. त्या माउलीने जन्मभर मशीनवर बसून लोकांचे प्रवासाचे कपडे शिवले आणि स्वतः कधी स्टेशनच्या पलीकडे गेली नाही. आठ दिवस तिला निर्धास्तपणे जग बघू द्यायचं, आणि परत आल्यावर सांगायचं. एवढं एकच त्याला हवं होतं.

भीती होती ती आईच्या तोंडाची. अडुसष्टाव्या वर्षी ती कापडाचा गठ्ठा घेऊन तीन जिने चढायची आणि वर पोचून त्यालाच विचारायची, "दमलास का रे?" आता ती "माझ्या गुडघ्यांना काय धाड भरलीय?" म्हणाली की सगळंच मुसळ केरात.

"हो ना बाई," आई म्हणाली, "गुडघ्यांनी नुसता वैताग आणलाय. शंभर पावलं टाकली की बसावं लागतं."

त्याने चमकून पाहिलं. आई रंगात आली होती. बाकं कुठेकुठे आहेत ते तिने विचारलं, आणि बाईंनी नकाशावर फुल्या मारल्या. हॉटेलला लिफ्ट हवी, जेवण मऊ आणि बिनतिखटाचं हवं, दवाखाना हाकेच्या अंतरावर हवा. "माझ्या वयाचा काय भरवसा?" तीनशे पायऱ्यांचा मनोरा तर तिने स्वतःच खोडायला लावला. "खालून बघू. वरून खाली बघायला मी काय कावळा आहे?"

बाई हसल्या. तोही हसला, आणि लगेच त्याला लाज वाटली. म्हणजे आई खरंच म्हातारी झाली होती, आणि स्वतःच्या दुखण्याच्या नादात त्याला ते दिसलंसुद्धा नव्हतं.

विम्याच्या कागदावर आजारांचा रकाना होता. "हा घरी भरून आणतो," म्हणत त्याने तो घडी करून खिशात घातला. आई तेव्हा भिंतीवरच्या बोटीच्या चित्राकडे बघत होती.

घरी परतताना ती प्रत्येक जिन्यावर थांबली. "गुडघे रे," म्हणायची आणि कठड्याला टेकायची. तोही टेकायचा. मनातल्या मनात त्या गुडघ्यांचे आभार मानत तो श्वास घेऊन घ्यायचा.

"विमानात ही लोंबती पँट नको हं," दार उघडता उघडता आई म्हणाली. "शिवणाऱ्या बाईचा मुलगा आणि हा अवतार! लोक मला हसतील. नवी शिवते." आत येऊन तिने खुंटीवरचा टेप काढला.

तीन महिन्यांत कंबर चार इंच उतरली होती. दोन बनियन आणि वर जाड सदरा चढवून त्याने ते कसंबसं झाकलं होतं. टेप कमरेभोवती फिरला की आठ दिवसांवर पाणी.

"माप कशाला? वहीत जुनं आहे की."

आईने त्याच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आहे खरं," ती म्हणाली, आणि टेप परत खुंटीला अडकवला. मापाशिवाय कापडाला कात्री न लावणारी आई इतक्यात ऐकेल असं त्याला वाटलं नव्हतं. सुटलो, असं म्हणत तो जाऊन आडवा झाला.

चार दिवसांनी पँट तयार झाली. ती घेऊन तो आतल्या खोलीत गेला. दार लावलं, पट्टा हाताशी ठेवला. जुन्या मापाची म्हणजे ढगळ होणार, आई बघायच्या आत आवळून घ्यायची. त्याने पँट चढवली. बटण लागेना. त्याने पोट आत ओढलं. तरी लागेना.

तो बघतच राहिला. मग त्याला हसू फुटलं. चाळीस वर्षांत आईचं माप चुकल्याचं कुणी ऐकलं नव्हतं, आणि चुकलं तेही किती वेळेवर! याहून चांगला पुरावा त्याला शोधून सापडला नसता. पँट हाताने धरून तो तसाच बाहेर आला.

"आई, चुकलीस! दोन बोटं घट्ट होतेय. बघ, सुटलोय मी. तुझ्या हातचं खाऊन खाऊन!"

आई मशीनवर होती. तिने मान वर केली नाही. चाकावर हात ठेवून तिने मशीन थांबवलं.

"चुकले नाही रे," ती म्हणाली. "निघायला अजून दोन महिने आहेत. तोवर बरोबर बसेल."