मार्ताची बादली

दक्षिण आफ्रिकेतल्या नामाक्वालँडच्या आमच्या तांब्याच्या खाणीत इंजिन यायच्या आधी छोट्या रुळांवरून खेचरं डबे ओढायची. घाटातल्या थांब्यावर सगळ्यांत पुढच्या खेचराला पाजल्याशिवाय हाकणारा स्वतः पाण्याला तोंड लावत नसे.

डर्ककाकांचं पुढचं खेचर, मार्ता, मरून सहा वर्षं झाली. तिच्या गळ्यातली घंटा त्यांनी तिच्याबरोबरच पुरली. तरी तिची बादली ते अजून थांब्यावर रुळाशेजारी भरून ठेवतात.

"काका, आता इंजिन पाणी पितं," मी चिडवायचो.

"इंजिनाला वाट कळते का रे?"

आज भर दुपारी समुद्राकडून धुकं आलं. आम्ही दोघं गाडीच्या ब्रेकवर होतो. उतारावर पुढे रुळांवर घंटा वाजली. काकांनी ब्रेक आवळला, पाठोपाठ मीही.

गाडी थांबली. दहा पावलांवर पूल कोसळला होता. घंटा मात्र पुढे, जिथे पूल नव्हता तिथून, वाजतच होती.

आम्ही चालत थांब्यावर परतलो. सकाळी भरलेली बादली कोरडी होती. काकांनी टोपी काढली. मी बादली भरली आणि पहिल्यांदाच दोन्ही हातांनी पुढे धरली.

"पी, मार्ताबाई. फार उपकार झाले तुझे."

बादली खाली दाबली गेली, आणि मग हळूहळू हलकी होत गेली.